नाशिकच्या वाईनची चव वेगळी का लागते?

ओलांडा:
‘नाशिक व्हॅली वाईन’ या नावाला भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे इथली वाईन वेगळी हे कागदावर मान्यच आहे. मला ग्लासातलं विचारायचं आहे. दिंडोरी, गंगापूर धरणाचा परिसर, सांजेगाव, निफाड, कुठलीही शेनिन ब्लाँ (पांढऱ्या वाईनचं द्राक्ष) घ्या, पिकल्या पेरूचा-अननसाचा वास येतो आणि आंबटपणा मात्र शाबूत असतो. विसाव्या अक्षांशावर हे जमतं कसं? आणि मग कॅबरने (लाल वाईनचं द्राक्ष) तितक्या खात्रीने का जमत नाही? ‘माती आणि हवामान’ एवढंच उत्तर कृपया नको.

खरडछाटणी:
माझं उत्तर: छाटणीची तारीख. नाशिकची ओळख तिथेच ठरते.

युरोपात द्राक्ष पिकतं तेव्हा हवा दिवसेंदिवस थंड होत जाते. आपल्याकडे उलटं चालतं. मण्यात पाणी उतरतं, म्हणजे मणी पिकायला लागतो, ते ऐन थंडीत आणि पुढे पिकेपर्यंत ऊन रोज चढत जातं. लवकर येणारं वाण थंडीचा शेवट गाठतं, म्हणून त्याचा आंबटपणा टिकतो. उशिरा येणारं वाण मार्चच्या उन्हात सापडतं.

आकडे धरून पाहा. फळछाटणी (घड धरण्यासाठीची छाटणी) ५ ऑक्टोबरची धरली, तर सोव्हिनियाँ ब्लाँ (हेही पांढऱ्या वाईनचं) साधारण १२० ते १३० दिवसांत, म्हणजे फेब्रुवारीच्या पूर्वार्धात हाती येतं. शेनिन त्याच्या मागोमाग. कॅबरनेला १५० दिवस आणि वर लागतात, म्हणजे मार्च उजाडतोच. तोवर साखर धावत पुढे गेलेली असते आणि साल-बियांतलं टॅनिन अजून कच्चं असतं. साखर बघून तोडलं तर वाईन हिरवट, तुरट लागते. टॅनिनसाठी थांबलं तर अल्कोहोल वाढतं आणि आंबटपणा जातो.

मग सगळंच लवकर छाटू म्हटलं, तर तेही होत नाही. छाटणीनंतर ३५-४० दिवसांनी फुलोरा येतो. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात छाटलं की तो परतीच्या पावसात सापडतो. केवडा हा बुरशीचा रोग थेट घडावर येतो, फूल गळतं. नोव्हेंबरमध्ये छाटलं तर थंडीमुळे डोळे मागेपुढे फुटतात, एकाच वेलीवर तीन वयांचे घड दिसतात आणि तोडणी एप्रिलकडे सरकते. छाटणीसाठी हातात राहतो जेमतेम महिनाभर.

याची सुरुवात एप्रिलच्या खरड छाटणीत असते. आपल्याकडे वेल थंडीत झोपत नाही, म्हणून वर्षातून दोनदा छाटावी लागते. खरड छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांत नव्या काडीच्या डोळ्यांत सूक्ष्मघड (पुढच्या घडाचं बीजरूप) तयार होतात. तेव्हा पाणी बेताचं आणि पानांवर भरपूर ऊन हवं. तेव्हा काडीवर दाट सावली पडली, तर ऑक्टोबरमध्ये डोळा फुटतो, पण घडाच्या जागी बाळी (वेलीचा नुसता ताणा) निघते. मग कितीही फवारण्या करा, गेलेला घड परत येत नाही.

पीएच_तीन_तीन:
वरचं सगळं मान्य, पण अर्धी ओळख तोडणीच्या दिवशी हातची जाऊ शकते. शेनिनला २१-२२ ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप), पीएच (आंबटपणाचं माप, आकडा चढला की आंबटपणा उतरतो) ३.२ ते ३.४ असताना तोडायचं, पहाटे, आणि ऊन तापायच्या आत संपवायचं. क्रेटमध्ये २० किलोच्या वर भरलं की खालचे मणी फुटतात, रस हवेला लागतो, रंग तपकिरीकडे जातो. घड आधी थंड खोलीत, मग प्रेस. आंबवण १४ ते १६ अंशांवर. टाकी २२ वर गेली की तुम्ही म्हणता तो पेरू-अननस बुडबुड्यांबरोबर उडून जातो.

चार दिवस उशीर झाला आणि पीएच ३.७ वर गेला, तर फरक फक्त चवीत पडत नाही. जंतूंपासून तेवढंच संरक्षण हवं असेल तर ३.२ ला लिटरमागे सुमारे २१ मिलिग्रॅम मोकळा सल्फर डायऑक्साइड पुरतो, ३.७ ला ६३ च्या आसपास लागतो. टार्टरिक आम्ल लिटरला १ ग्रॅम घातलं तर पीएच साधारण ०.१ ने उतरतो. आंबवण्याआधी घातलेलं चवीत मिसळून जातं, बाटलीत भरायच्या तोंडावर घातलेलं जिभेवर वेगळं टोचतं.

निफाडचा_गारठा:
नाशिकचा सगळा पट्टा एकच म्हणणं मला पटत नाही. निफाडला काळी, खोल जमीन आणि जानेवारीत पारा पाच-सहा अंशांवर येणं नवं नाही. तेव्हा गोडी भरणं थांबतं, मणी तडकतात. दिंडोरीकडच्या हलक्या, मुरमाड उतारावर पाण्याचा निचरा होतो, वेलीची वाढ आटोक्यात राहते. काळ्या जमिनीत डॉगरिज खुंटावर (ज्या मुळावर वेलीचं कलम करतात तो खुंट) वेल माजते, घडावर सावली पडते, रसात पोटॅश वाढतं, आणि पीएच तिथूनच चढायला लागतो. तिथे ११०आर खुंट बरा. एकरी उताराही बघा. खाण्याच्या द्राक्षाच्या हिशोबाने दहा टन घेतले तर वाईन पाणचट होणारच. चार-पाच टनांवर थांबायला हवं.

ओलांडा:
म्हणजे लाल वाईनमध्ये कॅबरनेचा हट्ट सोडून शिराझ बघावी?

खरडछाटणी:
हो. शिराझ कॅबरनेच्या आधी येते. फक्त पिताना १६-१८ अंशांवर ठेवा. लाल वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी हे थंड देशांपुरतं खरं. आपल्याकडे खोलीतच ३० अंश असतात, तेव्हा आधी काही वेळ फ्रीजमध्ये. शेनिन ८ ते १० अंशांवर, आणि लेबलवरचं साल बघूनच घ्या. आपली तोडणी वर्षाच्या सुरुवातीलाच होते, त्यामुळे त्याच सालची पांढरी वाईन पावसाळ्यापर्यंत दुकानात येऊ शकते. दोन वर्षांहून जुनी, उन्हाच्या शोकेसमध्ये उभी केलेली बाटली घेऊन नाशिकच्या शेनिनबद्दल मत बनवू नका.