किल्लारी भूकंपावर लेकरांसाठी रहस्य कादंबरी लिहितेय, अडकलेय, मदत करा

तेरणाकाठ: नमस्कार मंडळी, दहा ते तेरा वर्षांच्या लेकरांसाठी लिहायला घेतलीय, निम्मी झालीय. नायिका सहावीतली. आज्जीच्या पत्र्याच्या पेटीत तिला चांदीचा एकच वाळा सापडतो, जोडीचा कुठंय विचारलं की आज्जी विषय बदलते. खरं असंय की तिची आई आज्जीच्या पोटची नाहीच, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे शेजारच्या ढिगाऱ्यातून काढलेलं दोन वर्षांचं लेकरू. पोरीला संशय येतो तो आईच्या शाळेच्या दाखल्यावरून, त्यावर १ जून आणि आज्जी म्हणते पोळ्याला झालेली. जमतंय का? आणि हे शेवटच्या प्रकरणापर्यंत लपवू का?

माळवद: ताई, आधी ते १ जून कापा 😄 आमच्या वर्गात निम्म्या पोरांचा वाढदिवस १ जूनच होता, गुरुजींनी शाळेच्या हिशोबानं टाकलेला, त्यावरून संशय घ्यायचा म्हणलं तर अख्खा मराठवाडाच दत्तक निघंल. त्यापेक्षा फोटो घ्या. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, लोकं गणपती बुडवून उशिरा येऊन झोपलेले आणि ३ वाजून ५६ मिनिटांनी हादरलं. मिरवणुकीचा रोल तालुक्याच्या स्टुडिओत धुवायला दिलेला असू शकतो की, त्यात तेच लेकरू, दोन्ही पायात वाळे, पण कडेवर घेतलेली बाई दुसरीच. आणि घर विटांचं दाखवू नका, दगडमातीच्या जाड भिंती आन् वर मातीचं माळवद, त्याच्याखालीच तर माणसं गेली.

पाचवीची_आई: मी तर म्हणते लपवूच नका शेवटपर्यंत. गावात सगळ्यांना माहीतेय, फक्त हिलाच नाही, यातच खरी धाकधूक आहे. ही पाराजवळ आली की म्हातारे गप, दुकानदारीण उगीच चॉकलेट हातात ठेवते. वाचणाऱ्या पोरांना मधेच कळू द्या, मग ही आईसमोर तोंड कधी उघडते याची वाट बघत बसतील. फक्त ती पहाट लांबवू नका, माझी लेक असलं काही आलं की पुस्तक मिटवून ठेवते.

औशाकडचा: नव्या गावात तपास करून काय घावणार, पुनर्वसनाची घरं सगळी सारखीच. जुन्या गावठाणात न्या की पोरीला, वेड्या बाभळी माजलेल्या, त्यात एखादं जोतं. आज्जी अजूनबी "गावात जाऊन येते" म्हणून तिकडंच जायलाली असंल तर पोरगी मागं मागं जाईल, प्रकरण आपोआप होतंय.

तेरणाकाठ: १ जून गेला, फोटो आला 🙏 आणि आत्ता स्वयंपाक करता करता एक सुचलं. पोरगी स्टुडिओत जाऊन विचारते, तर म्हातारा फोटोवाला पाकीट उघडून दाखवतो, रिकामं. म्हणतो, ही कापी तर तुझी आईच घेऊन गेली, लग्नाच्या आधी.

माळवद: बाबौ. म्हणजे आईला माहीतेय?? आता पटकन लिवा.