बंद पडलेल्या शाळेच्या इमारतीत अभ्यासिका करायची आहे, सुरुवात कुठून करावी?

पडवी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आमचं गाव दापोली तालुक्यात. वाडीतली जिल्हा परिषदेची शाळा पट शून्यावर आला तेव्हा बंद झाली, त्याला आता तीन पावसाळे झाले. दोन खोल्या, पुढे लांब पडवी, जांभ्या दगडाच्या भिंती, मंगलोरी कौलं. मी पहिली ते चौथी तिथेच शिकलो. यंदा गणपतीला गेलो तेव्हा मागच्या खोलीचं आढं (छपराचं वरचं आडवं लाकूड) वाकलेलं दिसलं आणि आतल्या फळ्यावर शेवटच्या दिवसाचा सुविचार तसाच होता. तो वाचून बाहेर आलो नि ठरवलं, हे असं पडू द्यायचं नाही.

इमारत निर्लेखनाला घालायची, म्हणजे निकामी ठरवून पाडायची, चर्चा ग्रामपंचायतीत चालू आहे. आमच्या मुंबईकर मंडळाने थोडे पैसे जमवले आहेत. बहुतेकांचं म्हणणं, कौलं काढून पत्रा टाकू, भिंतींना सिमेंटचा गिलावा करू, रंग मारू आणि मे महिन्यात उद्घाटन करू. आत वाचनालय आणि दहावी-बारावीच्या मुलांसाठी अभ्यासिका. कुणी असं काम केलं असेल तर सांगा, आधी काय करायचं?

शाकारणी

पडवी, मी राजापूर तालुक्यात ३१ वर्षं शिक्षिका होते. माझी शेवटची शाळाही बंद झाली. निवृत्तीनंतर आम्ही गावकऱ्यांनी तिथे अभ्यासिका सुरू केली. आमच्या हातून झालेल्या चुका तुमच्याकडे होऊ नयेत म्हणून सविस्तर लिहिते.

पहिलं, गिलाव्याचं काम आजच थांबवा. आम्ही नेमकं तेच केलं होतं. जांभा सच्छिद्र असतो. पावसाळ्यात ओल धरतो आणि पुढे सुकतो. त्यावर सिमेंट चढवलं की सुकायची वाटच बुजते. दुसऱ्याच वर्षी आमच्या भिंतींना कमरेइतक्या उंचीपर्यंत लोणा (ओलीबरोबर येणारा पांढरा खार) आला, गिलाव्याचे पापुद्रे सुटले, खालच्या कपाटातली पुस्तकं बुरसली. मुलांसाठी आणलेले शब्दकोश मी उन्हात पानं उलटून सुकवत बसले होते, ते आठवलं की अजून वाईट वाटतं. शेवटी सगळं खरवडून काढलं, चुन्याची कळी भिजवून मुरवली आणि एकास तीन वाळू घालून दरजा (चिऱ्यांमधल्या फटी) भरल्या. वर नुसती चुन्याची सफेदी. चुन्याचं काम जाणणारा गवंडी शोधायलाच दोन महिने गेले, पण आता भिंती कोरड्या आहेत.

पत्राही नको. जुलैच्या पावसात पत्र्याखाली शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही आणि परीक्षेच्या दिवसांत, मार्च-एप्रिलमध्ये, आत बसवत नाही. आढं, वासे नि रीपा तपासून घ्या. वाळवी लागलेलं लाकूड तेवढंच बदला, चांगली कौलं उतरवून धुऊन पुन्हा चढवा. पाडलेल्या घरांची कौलं आजूबाजूच्या गावांत मिळतात. मागचं आढं वाकलंय म्हणता, तर त्या खोलीला आत्ताच टेकू द्या आणि अभियंत्याने पाहिल्याशिवाय कुणालाही आत बसवू नका.

पण या सगळ्याच्या आधी कागद. तुम्ही तिथे शिकलात म्हणून इमारत गावाची होत नाही, ती जिल्हा परिषदेची आहे. ग्रामसभेत ठराव घ्या (१ मे किंवा १५ ऑगस्टच्या सभेला माणसं जास्त येतात), ग्रामपंचायतीमार्फत पंचायत समितीच्या शिक्षण विभागाकडे अर्ज करा आणि वापराची परवानगी लेखी घ्या. आम्ही तोंडी शब्दावर काम केलं. साहेब बदलले आणि सहा महिने कुलूप लागलं. परवानगीत एक वाक्य आवर्जून घालून घ्या: वाडीत मुलं वाढली आणि शाळा पुन्हा सुरू करायची झाली, तर खोली शाळेला परत मिळेल. हे मी शिक्षिका म्हणून सांगते. इमारत वाचली म्हणून शाळा बंद झाल्याचं दुःख संपत नाही.

आणखी एक, पैशांपेक्षा हे अवघड आहे. किल्ली कोणाकडे? मुंबईकर उद्घाटन करून परत जातील. रोज संध्याकाळी दार उघडणारं, दिवा लावणारं माणूस गावातलंच हवं. आमच्याकडे बचत गटाच्या बायका पोषण आहाराच्या खोलीत आमसुलं आणि कोकम सरबत करतात. त्या बदल्यात वीजबिल त्या भरतात आणि दारही त्याच उघडतात. अभ्यासिका टिकली ती त्यांच्यामुळे.

पेठकर

ताईंचा प्रतिसाद जपून ठेवला. वापरात नसलेल्या वास्तूत शिक्षण सुरू होणं आपल्याकडे जुनंच आहे. दुसऱ्या बाजीरावाचा पुण्यातला विश्रामबागवाडा पेशवाई गेल्यावर रिकामा झाला, तिथे १८२१ मध्ये संस्कृत पाठशाळा उघडली. पुढे डेक्कन कॉलेज झालं ते तिच्यातूनच. १८७९ च्या आगीत वाडा बराच जळाला, तरी सदाशिव पेठेच्या रस्त्यावर त्याचा लाकडी कोरीव दर्शनी भाग आजही पाहता येतो. लाकडी काम म्हटलं की आगीची आठवण येते. तुमच्याकडे विजेच्या जुन्या तारा असतील तर पुस्तकं ठेवण्याआधी सगळ्या बदलून घ्या.

घाटमाथा

परवानगीला वेळ लागला तर थांबून राहू नका. महाबळेश्वर तालुक्यातल्या भिलारला मे २०१७ मध्ये पुस्तकांचं गाव सुरू झालं, तेव्हा सगळ्या पुस्तकांसाठी एक मोठी इमारत शोधली नाही. पुस्तकं लोकांच्या घरांत, देवळात, शाळेत मांडली. मी मुलीला घेऊन गेलो होतो. एका घराच्या बैठकीत ती तासभर वाचत बसली, घरच्या आजींनी विचारपूस केली, बस्स. तुमच्या वाडीत एखादी पडवी मिळाली तर याच महिन्यात वाचन सुरू होईल आणि इमारत कोणासाठी हवी ते ग्रामसभेला डोळ्यांनी दिसेल.

पडवी

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, काल रात्रीच मंडळाच्या गटावर तुमचा प्रतिसाद टाकला. गिलावा रद्द झाला. पत्र्यावर अजून वाद चालू आहे, पण जुलैच्या पावसाचा मुद्दा वाचून दोघांनी मत बदललं. आमची काकू शाळेसमोरच राहते, तिने आपली पडवी द्यायची तयारी दाखवली आहे. एकच शंका: टेकू द्यायला बांबू चालेल की लाकूडच हवं? आणि तो फळा ठेवू की काढू?

शाकारणी

टेकूला साधा बांबू नको, जाड लाकडी खांब घ्या. खाली सपाट चिरा ठेवा, म्हणजे तो जमिनीत रुतणार नाही. किती नि कुठे लावायचे ते अभियंत्याला दाखवूनच ठरवा. फळा ठेवा. आमच्याकडे दहावीची मुलं त्यावर एकमेकांना गणितं घालतात. सुविचाराचा मात्र पुसण्याआधी फोटो काढून ठेवा.