पट्टा चासीला की चाकाला? जुनी गाडी ट्रेलरवर बांधण्याबद्दल

पाटेवाला: परवाच्या त्या पोस्टमध्ये सल्ला होता, 'जुनी गाडी ट्रेलरवर चढवा, चासीच्या (गाडीच्या खालच्या सांगाड्याच्या) चार कोपऱ्यांना चार पट्टे लावा, स्प्रिंगा पूर्ण बसेपर्यंत आवळा आणि निघा.' खाली 'छान माहिती' म्हणणाऱ्यांची रांग. मला राहवलं नाही.

बॉडी स्प्रिंगांवर उभी असते. ती कितीही दाबून बांधा, ट्रेलर खड्ड्यात आदळला की आणखी थोडी खाली जाते, क्षणभर पट्टा सैल होतो आणि उघड्या तोंडाचा हूक तेवढ्यात निसटतो. टायरवरून रुंद पट्टा नेऊन चाकं ट्रेलरच्या तळाशी बांधली तर बॉडी हवी तेवढी हलू दे, पट्ट्यावरचा ताण तसाच राहतो. सित्रोएन डीएस चासीला बांधून बघा. इंजिन बंद झालं की तिचं तेलाच्या दाबावर उभं असलेलं सस्पेन्शन हळूहळू खाली बसतं आणि गाडी उंच असताना आवळलेले पट्टे लोंबू लागतात.

तेलकट_हात: ती पोस्ट माझी. तुमचं सगळं खरं मानलं तरी चाकं झाकणारे मडगार्ड असलेल्या गाडीच्या टायरवरून पट्टा फिरवायला हात कुठून घालायचा? तारांच्या चाकात तर लोक आऱ्यांतूनच हूक अडकवतात, मी पाहिलंय. आणि माझ्या एमजीबीच्या (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) मागच्या अॅक्सलला, म्हणजे चाकं जोडणाऱ्या दांड्याला, एका ट्रेलरवाल्याने पट्टा गुंडाळला होता. अॅक्सलवरून जाणारा ब्रेकचा पाइप चेपला. गाडी उतरवली तेव्हा मागचं एक चाक ब्रेकच धरेना. त्या दिवसापासून मी चासी सोडून कशालाही हात लावू देत नाही.

पाटेवाला: मी अॅक्सल कुठे म्हणालो? टायरवरून जाणारा रुंद पट्टा म्हणालो. उत्तर देण्याआधी नीट वाचा.

मायनरवाला: दोघेही चासी चासी करताय, पण कुठली चासी? मॉरिस मायनरला वेगळी चासी नाही, एमजीबीला नाही, तिथे बॉडीच सांगाडा असते. जॅग्वार ई-टाइपच्या पुढच्या बारीक नळ्यांच्या सांगाड्याला कोणी हूक लावला तर मी रस्त्यात आडवा पडेन.

आणि पत्र्याचं काय? माझी मायनर 'पूर्ण रिस्टोअर केलेली' म्हणून घेतली. खाली चकचकीत काळं अंडरकोटिंग, म्हणजे पत्रा गंजू नये म्हणून मारतात तो जाड थर. विंचने ट्रेलरवर ओढताना हूक लावलेला भाग हातभर पत्र्यासकट बाहेर आला. आत गंजाचा भुगा, वर पुट्टी, त्यावर कोटिंग. माणूस गाडीखाली असता तर? ज्याने ते झाकलं त्याला माहीत होतं.

बॉक्ससेक्शन: अगदी हेच. सिरीज लँड रोव्हरची चासी आतून गंजते, बाहेरून हात फिरवला तर काही कळत नाही. मी आता कोटिंग केलेली गाडी बघायलाही जात नाही.

डांबरी: मी वीस वर्षं अंडरकोटिंगचंच काम करतो, म्हणून हे मनाला लागलं. पत्रा उघडा करून, गंज काढून, कोरडा करून, प्रायमर मारून केलेलं कोटिंग गाडी वाचवतं. ओल्या गंजावर फासलेलं कोटिंग ओल आत कोंडतं, तिथे दोष करणाऱ्याचा. तुम्ही सगळ्यांना एका दावणीला बांधताय.

मायनरवाला: बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, हीच तर तक्रार आहे! तुम्ही उघड्या पत्र्याचे फोटो गिऱ्हाईकाला देता का?

डांबरी: देतो. प्रत्येक टप्प्याचे. मागणारे फार थोडे.

मायनरवाला: मग तुमच्यापुरता शब्द मागे घेतो. बाकीच्यांपुरता नाही.

बॉक्ससेक्शन: हूक लावण्याआधी छोट्या हातोडीने ठोकून बघा. चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला बद्द वाजतो. फक्त कोटिंग जाड असेल तर आवाज फसवतो, तिथे स्क्रूड्रायव्हर टोचून बघायचा. मालक ओरडला तरी चालेल.

कोनमापक: धागा पार गंजात गेला. पट्ट्याच्या कोनाबद्दल एक शब्द नाही! जोरात ब्रेक मारल्यावर वजनाच्या ०.८ पट जोर पुढे येईल असं धरून बांधायचं असतं, म्हणजे हजार किलोच्या गाडीला आठशे किलो. जमिनीशी ४५ अंशांत लावलेल्या पट्ट्याची आडवी ताकद साधारण ७० टक्के उरते, ६० अंशांत निम्मी. लोक पट्टा जवळजवळ उभा लावतात आणि गाडी खाली दाबली गेली म्हणून खूश होतात. मागचे दोन पट्टे एकमेकांवरून तिरके न्या, गाडी बाजूला सरकत नाही. नुसत्या गिअरवर आणि हँडब्रेकवर सोडू नका.

दोरखंड: ट्रेलर नसेल तर टोचन लावून आणायचं का? ऑटोमॅटिक आहे.

तेलकट_हात: इंजिन जी चाकं फिरवतं ती जमिनीवर ठेवून नाही. बहुतेक ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेलाचा पंप इंजिनवर फिरतो, इंजिन बंद असलं की आत तेल पोचत नाही. मागच्या चाकांवर चालणारी असेल तर मागची चाकं उचला, नाहीतर गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा प्रॉपेलर शाफ्ट सोडवा. आणि दोर बंपरच्या ब्रॅकेटला बांधू नका. काही गाड्यांखाली जहाजावर बांधण्यासाठी दिलेल्या कड्या असतात, त्याही ओढण्यासाठी नसतात.

पाटेवाला: हे बरोबर लिहिलंत. मूळ पोस्टमध्ये हवं होतं.

तेलकट_हात: घातलं. 'स्प्रिंगा पूर्ण बसेपर्यंत आवळा' काढून टाकलं आणि डीएसबद्दल वेगळं लिहिलं, ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पण माझी एमजीबी मी चासीच्याच जाड भागाला बांधणार. वेगळी चासी नाही, मान्य. म्हणून हूक खालच्या ज्या पेटीसारख्या रेलला लावतो ती मी स्वतः उघडून वेल्ड केली आहे. यापुढे तोंडाला खटका असलेलेच हूक वापरीन.

पाटेवाला: स्वतः उघडून पाहिलेल्या रेलला लावा, माझं काही म्हणणं नाही. न पाहिलेल्या गाडीला मी चाकालाच बांधणार. आणि निघाल्यावर पंधरा-वीस किलोमीटरांनी थांबून पट्टे पुन्हा आवळायचे, एवढंही घाला.

मायनरवाला: हातोडीचंही घाला.