दशावताराची रेकॉर्डिंग्ज असलेली हार्ड डिस्क फॉरमॅट मागते आहे, काय करू?

प्रश्न (कुडाळहून):
नमस्कार. माझी १ टीबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क आहे. काल रात्री पीसीवरून तिच्यात कॉपी चालू असतानाच लाईट गेली. आज जोडली तर 'वापरण्याआधी फॉरमॅट करा' असं येतं. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये आकार बरोबर दिसतो, पण फाईल सिस्टीम (फाईली मांडायची पद्धत) म्हणून एनटीएफएसच्या जागी 'रॉ', म्हणजे ओळखता न आलेली, असं लिहिलंय.

तिच्यात ११ वर्षांतल्या जत्रांची दशावतारी नाटकं आहेत, सगळी मीच शूट केलेली. दशावताराला लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, पण संवाद त्या रात्री रंगमंचावरच सुचतात. दुसऱ्या गावच्या जत्रेत तेच नाटक पुन्हा शूट केलं, तरी ते बोलणं परत मिळत नाही. यातले दोन कलाकार आता हयात नाहीत. दुसरी प्रत नाही, चूक माझीच.

शेजारचा मुलगा म्हणतो, चेकडिस्क (विंडोजमधली डिस्क तपासायची सोय) चालव. चालवू का?

उत्तर १:
नका चालवू! चेकडिस्क फाईल सिस्टीमच्या नोंदी जुळवते, तुमच्या फाईली वाचवणं हे तिचं काम नाही. त्यासाठी ती त्याच डिस्कवर लिहिते, आणि आधीच दुखावलेल्या डिस्कवर काहीही लिहायचं नसतं. फॉरमॅटच्या खिडकीतही 'रद्द'च दाबा.

आधी कान लावून ऐका. ठरावीक अंतराने टक-टक येत असेल तर लगेच काढून ठेवा. तो बहुतेक हेडचा (डिस्क वाचणाऱ्या भागाचा) बिघाड असतो, तो घरी सुटत नाही, रिकव्हरी लॅबच गाठावी लागते. आवाज नेहमीचा असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये 'सी५'ची ओळ बघून आकडा सांगा.

प्रश्नकर्ता:
आवाज नेहमीसारखाच. सी५समोर बरीच शून्यं आणि शेवटी २८.

उत्तर १:
तिथला आकडा सहसा हेक्समध्ये (दहाऐवजी सोळाच्या मोजणीत) असतो, म्हणजे आपले ४०. एवढे सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे) डिस्कला नीट वाचता आलेले नाहीत. म्हणून आधी इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी प्रत घ्या, फाईली नंतर. २ टीबीची नवी डिस्क आणा, पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करा आणि डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने जुनीची इमेज नवीवर उतरवा. सोर्स आणि डेस्टिनेशन दोनदा तपासा, उलटं झालं तर सगळं पुसलं जाईल. मॅपफाईल द्यायला विसरू नका. कुठवर वाचलं ते तिच्यात राहतं, लाईट गेली तरी तिथूनच पुढे सुरू होतं. जे सहज वाचता येतं ते डीडीरेस्क्यू आधी घेतो, अडलेल्या जागांकडे नंतर वळतो.

मग इमेजवर टेस्टडिस्क हा हरवलेली पार्टिशनं शोधणारा प्रोग्रॅम चालवा. एनटीएफएसच्या बूट सेक्टरची (पार्टिशनची मांडणी सांगणाऱ्या पहिल्या सेक्टरची) एक प्रत पार्टिशनच्या अगदी शेवटी असते. मूळ बिघडला असेल तर तिच्यावरून बरेचदा सगळी फोल्डरं जशीच्या तशी दिसतात.

उत्तर २:
माझा फोटो स्टुडिओ आहे, म्हणून एवढंच सांगतो. फोटोरेक हा फाईली शोधणारा प्रोग्रॅम शेवटी ठेवा. तो फाईलच्या सुरुवातीची खूण ओळखून फाईल उचलतो, त्यामुळे फाईली बऱ्याच मिळतात, पण नावं आणि फोल्डर जातात. तुम्हाला तर कुठली रात्र कुठल्या गावची, ते नावावरूनच कळणार.

प्रश्नकर्ता:
कळवायला चार दिवस लागले. पहिली फेरी सहा तासांत झाली, उरलेल्या तुकड्यांना दोन रात्री लागल्या. मध्ये एकदा लाईट गेलीच, मॅपफाईलमुळे काम तिथूनच पुढे चाललं. टेस्टडिस्कमध्ये बूट सेक्टरची शेवटची प्रत चांगली निघाली. फोल्डरं दिसली तेव्हा हात थरथरत होते.

फक्त एक फाईल मधेच अडखळते. संकासुर (नाटकातला राक्षस) येतो तिथे चित्र हिरवं होऊन तुटतं, पण पेटी आणि पखवाज ऐकू येतात. मग चित्र परत येतं. गेलेल्यांपैकी एकाचं त्यानंतरचं अख्खं स्वगत शाबूत आहे. काल त्यांच्या मुलाला घरी बोलावून ऐकवलं. त्याने ते तीनदा लावायला सांगितलं.

आज तिसरी डिस्क घेतली. ती सावंतवाडीला भाच्याकडे राहील.