मदत हवी आहे: गायीचा बिल्ला अजून जुन्या मालकाच्याच नावावर

राम राम मंडळी. आठवडी बाजारातून दुसऱ्या वेताची एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन, दुधाळ जात) गाय घेतली. कानात पिवळा बिल्ला आहे, पण १२ आकड्यांपैकी शेवटचे दोन गव्हाणीला घासून पार पुसट झालेत. नशीब, बाजार समितीच्या पावतीवर पूर्ण नंबर आहे. बाजार फी मी भरली, ती घेणाऱ्यानेच भरायची असते, त्याबद्दल तक्रार नाही.

अडचण पुढे आहे. भारत पशुधन प्रणालीवर (बिल्ल्याच्या नंबरवर जनावरांची नोंद ठेवणारी सरकारी ऑनलाइन प्रणाली) गाय जुन्या मालकाच्याच नावावर दिसते आणि तो गडी आता फोनच उचलत नाही. १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय खरेदी-विक्री, वाहतूक बंद आहे. शिवाय वीज पडून किंवा बिबट्याच्या हल्ल्यात जनावर गेलं, तर बिल्ला नसेल तर भरपाई मिळत नाही. आमच्याकडे उसाला लागून गोठा, म्हणून धास्ती.

तर जुना मालक हजर नसताना, नुसत्या पावतीवर गाय माझ्या नावावर होते का? आणि पुसट बिल्ला बदलला तर जुन्या लसीकरणाच्या, रेतनाच्या (गाय भरवल्याच्या) नोंदी नव्या नंबरला जोडतात का? गाय गाभण सांगून दिलीय, रेतनाची तारीख त्यातच आहे. कुणी हे करून घेतलं असेल तर कागद काय काय लागले तेवढं सांगा.