तुमच्याशी लैंगिक विषयावर मोकळं कोण बोललं? (अनुभव लिहा)

चाफा: काल भाची दहावीचं विज्ञान घेऊन बसलेली, म्हणाली मावशी, प्रजननाचा धडा बाईंनी "घरी वाचून या" म्हणून सोडूनच दिला. मला एकदम आमची सातवी आठवली. डॉक्टरीणबाई आलेल्या, मुलांना मैदानावर पिटाळलं, खिडक्या लावून घेतल्या भर मार्चमधे. पाळीचं कळलं, पुढचं काहीच नाही. ते लग्न ठरल्यावर वहिनीने सांगितलं, मेथी निवडता निवडता, मान वर न करता. तुम्हाला कुणी सांगितलं?

कडेपठार: त्या मैदानावरच्या मुलांतला मी. पीटीच्या सरांनी कबड्डी खेळायला लावली, बास. आमच्याशी कुणीच कधी बोललं नाही. अंगात बदल व्हायला लागले तर मला वाटायचं कसला तरी रोगच झालाय, एसटी स्टँडच्या मुतारीत "गुप्तरोग, शर्तिया इलाज"चे कागद चिकटवलेले असायचे त्यातला एक पत्ता वहीत लिहून ठेवलेला. नशीब खिशात पैसे नव्हते.

कोकणी_माणूस: शिमग्यात पालखीपुढे आमचे आजोबा काय फाका घालायचे, अख्खी वाडी हसायची, बायकासुद्धा तोंडाला पदर लावून. आणि घरात टीव्हीवर निरोधची जाहिरात लागली की काका ताडकन उठून चॅनल बदलणार. चेष्टेत सगळं चालतं, सरळ विचारलं की "लाज नाही का". राग येतो खरंच.

चाफा: हो ना!! हळदीच्या रात्रीची गाणी आठवा.

सुमन_ठाणे: मेथी निवडता निवडता 😄 मेथी कुठे मिळते गं आता चांगली, आमच्याकडे नुसत्या काड्या

जुना_वाचक: संततिनियमनाचा प्रचार करणारे र. धों. कर्वे आठवले. 1927 ला समाजस्वास्थ्य मासिक सुरू केलं आणि 1953 ला गेले तोवर चालवलं, एकहाती. 1934 च्या खटल्यात बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते, आणि खटला कशावरून तर वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरं दिली म्हणून. हरले, तरी मासिक थांबलं नाही. आणि आपण महाराष्ट्रात 2007 ला शाळेतल्या लैंगिक शिक्षणावर बंदी घातली, 80 वर्षांनी. काय बोलायचं.

कडेपठार: प्राध्यापकाची नोकरीसुद्धा गेली त्यांची. गणित शिकवायचे.

आशा_मराठवाडा: मी आशा (गावातली आरोग्यसेविका) आहे, घाईत लिहिते. घरोघरी निरोध, माला-एनच्या गर्भनिरोधक गोळ्या देते. सासू ओसरीवर बसलेली असते म्हणून सून म्हणते "ताई, लोहाच्या गोळ्या आणल्या का", मग मला कळतं काय द्यायचं ते. एकीला तीन लेकरं, चौथं नको, पण नवऱ्याला सांगायची हिंमत नाही. मी त्याला गाठून बोलले, चुलीपाशी बसून. लाजला, पण ऐकलं त्याने. सांगणारं कुणी भेटलंच नसतं हो पुरुषांना. लोक समजतात तेवढे वाईट नसतात.

सुमन_ठाणे: ताई तुम्हाला नमस्कार. डोळ्यात पाणी आलं

निनावी: आशाताई इथंच विचारते, दवाखान्यात विचारायला जमलं नाही, नणंद सोबत होती. तांबी (कॉपर टी) किती वर्षं राहते? बाळ आठ महिन्यांचं आहे.

आशा_मराठवाडा: दोन प्रकारच्या असतात बाई, एक 10 वर्षांची, एक 5. सरकारी दवाखान्यात फुकट बसवतात, मूल पाहिजे झालं की काढता येते. बसवल्यावर कार्ड देतात ते जपून ठेव. अजून काही असलं तर विचार, रात्री नऊनंतर मी मोकळी असते.