अमेरिकेचे यादवी युद्ध : मृतांचा आकडा बदलला, म्हणून कारणही बदलले का?

वाचनवेडी :
'समतोल' यांनी काल येथे लिहिले की, उत्तर आणि दक्षिण राज्यांमधल्या अमेरिकी यादवी युद्धावरचे (१८६१ ते १८६५) नवे संशोधन म्हणजे केवळ मृतांची फेरमोजणी आहे. युद्ध जकातीसाठी आणि राज्यांच्या अधिकारांसाठी झाले, गुलामगिरी हे कारण जेत्यांनी मागाहून चिकटवले, असेही ते म्हणतात. हे वाचून गप्प राहणे मला शक्य नाही. आयातीवरची जकात वाढवणाऱ्या मोरिल कायद्यावर २ मार्च १८६१ रोजी सही झाली, तेव्हा दक्षिणेतील सात राज्ये आधीच फुटून निघाली होती. राज्यांच्या अधिकारांचे म्हणाल, तर पळालेले गुलाम परत करण्याचा कायदा उत्तरेतील राज्ये पाळत नाहीत, हीच सर्वांत आधी फुटलेल्या साउथ कॅरोलिना राज्याच्या डिसेंबर १८६० च्या जाहीरनाम्यातली मोठी तक्रार आहे. म्हणजे इतर राज्यांनी आपला अधिकार वापरला, याचाच तिला राग होता. आपली भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे निगडित आहे, हे मिसिसिपीने तर सुरुवातीलाच सांगून टाकले. हे जेत्यांनी नव्हे, फुटणाऱ्यांनी फुटताना लिहिले आहे.

आता आकड्यांविषयी. ६ लाख २० हजार मृत्यू ही संख्या कित्येक पिढ्या पाठ्यपुस्तकांत होती. २०११ मध्ये जे. डेव्हिड हॅकर यांनी जनगणनेच्या आधारे ती साडेसात लाखांच्या आसपास नेली आणि २०२४ मधल्या एका अभ्यासाने अधिक पूर्ण नोंदी वापरून ती सुमारे ६ लाख ९८ हजारांवर आणली. पण या पद्धतीत पुरुषांच्या संख्येतली घट मोजली जाते. त्यामुळे मालकांकडून पळून सैन्याच्या छावण्यांत आलेल्या आणि तेथे देवीच्या साथीत मेलेल्या बायका-मुलांचा तिच्यात पत्ताच लागत नाही. नव्या संशोधनाचा खरा प्रश्न हा आहे.

समतोल :
जाहीरनामे पुढारी लिहितात आणि बंदूक शेतकरी उचलतो. दक्षिणेतील बहुसंख्य गोऱ्या कुटुंबांकडे एकही गुलाम नव्हता. मार्च १८६१ च्या पहिल्या भाषणात लिंकन यांनी राज्यांमधील गुलामगिरीला हात लावणार नाही असे सांगितले, आणि ऑगस्ट १८६२ मध्ये वृत्तपत्राचे संपादक होरेस ग्रीली यांना लिहिले की, एकाही गुलामाला मुक्त न करता संघराज्य वाचत असेल तर मी तसेच करीन. राष्ट्राध्यक्षच असे म्हणत असताना युद्ध गुलामगिरीविरुद्ध होते असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

रिचमंडवासी :
मी पुष्कळ वर्षे व्हर्जिनियातील रिचमंडमध्ये, युद्धकाळात दक्षिणेची राजधानी असलेल्या शहरात, राहतो. १८९० मध्ये येथे उभारलेला दक्षिणेचे सेनापती जनरल ली यांचा पुतळा सप्टेंबर २०२१ मध्ये काढला, त्या दिवशी माझ्या शेजाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी होते. त्यांचे पूर्वज दक्षिणेच्या सैन्यात होते. माझ्या आजारपणात याच माणसाने घरी जेवण आणून दिले. त्यांना गुलामगिरीचे वारस ठरवणारे संशोधन मला नको.

वाचनवेडी :
आपले शेजारी सज्जन असतील, त्यावर माझा आक्षेप नाही. मात्र ज्यांचे पूर्वज त्याच शहरात विकले गेले, त्यांना तो पुतळा पाहून काय वाटत होते, हे आपण इतक्या वर्षांत कोणाला विचारले का?

वऱ्हाडी माणूस :
आपण सर्व जण व्हर्जिनियातच अडकला आहात. दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली, इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि आमच्या काळ्या मातीला सोन्याचा भाव आला. आमच्या घरात पिढ्यान्पिढ्या सांगतात की, त्या तेजीत बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या होत्या. एप्रिल १८६५ मध्ये ली शरण गेले, भाव कोसळला आणि शेत सावकाराच्या नावे झाले. त्या युद्धाचा हा वारसा कोणी लिहायचा?

नगरी :
घरोघरी हीच कथा सांगतात, पण ती तपासून घ्यावी लागते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुप्याला सावकारांची कर्जखते जाळली गेली, त्याची मुळेही चौकशी आयोगाने काही अंशी अमेरिकी युद्धाच्या तेजीत शोधली. प्रत्यक्षात पुणे-नगरच्या दंगलग्रस्त भागात कापूस फारसा होतच नव्हता. जमिनीच्या फेरआकारणीत वाढलेला शेतसारा लोकांच्या मुळावर आला होता आणि तो सरकारनेच वाढवला होता. दूरच्या युद्धावर खापर फोडणे सरकारला सोयीचे होते.

वऱ्हाडी माणूस :
सुपे म्हणजे वऱ्हाड नव्हे! माझ्या घरचे शेत गेले, ते खोटे आहे असे सांगण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? मुंबईत समुद्रात भर घालून जमीन काढणाऱ्या बॅक बे कंपनीच्या ५ हजारांच्या शेअरसाठी लोक ५० हजार मोजत होते आणि १ जुलै १८६५ रोजी सारे कोसळले. तो हिशेब पुस्तकांत येतो; कापूस पिकवणाऱ्याच्या घरची आठवण मात्र आपल्याला दंतकथा वाटते.

नगरी :
खोटे म्हटलेले नाही. आवाज चढवू नये. वऱ्हाडात कापूस होता आणि भाव पडल्याचा फटका तेथे बसला, एवढे मान्य करतो. पण १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचल्यावर तेथे कापसाखालची जमीन वाढतच गेली, हेही आपण मान्य करावे.

वाचनवेडी :
आपल्याकडचा आणखी एक दुवा कापसाइतकाच महत्त्वाचा आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. त्याच वर्षी १३ एप्रिलला लुइझियानातील कोलफॅक्स येथे गोऱ्या टोळीने कितीतरी कृष्णवर्णीयांची कत्तल केली. १८७० मध्ये हायरम रेव्हल्स हे कृष्णवर्णीय गृहस्थ मिसिसिपीतून सिनेटवर गेले होते. त्याच मिसिसिपीने १८९० च्या राज्यघटनेने कृष्णवर्णीयांचा मताधिकार जवळजवळ संपवला. पुढे विद्यापीठांतील इतिहासकारांनी युद्धानंतरच्या या काळाला, म्हणजे 'पुनर्रचने'च्या काळाला, भ्रष्टाचाराचा काळ ठरवले. कृष्णवर्णीय विद्वान डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी १९३५ मध्ये त्याचे सविस्तर खंडन केले, तरी ते मान्य व्हायला आणखी काही दशके गेली.

समतोल, आपण दिलेले लिंकन यांचे पत्र खरे आहे. पण त्याच्या सव्वा वर्ष आधी, मे १८६१ मध्ये, तीन गुलाम पळून व्हर्जिनियातील फोर्ट मन्रो या उत्तरेच्या ताब्यातील किल्ल्यात आले आणि तेथील सैन्याने त्यांना परत देण्यास नकार दिला. त्यांच्यामागून हजारो आले. लिंकन बदलले, कारण या माणसांनी त्यांच्यापुढे दुसरा रस्ता ठेवला नाही. पुढे सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय उत्तरेच्या सैन्यात लढले. गुलामगिरी मोडण्याचे काम गुलामांनीच सुरू केले, हे नव्या संशोधनाने ठामपणे मांडले आहे आणि आपण त्याला फेरमोजणी म्हणता, याचे मला फार वाईट वाटते.

समतोल :
जकातीचा मुद्दा मी सोडतो. तारखांपुढे तो टिकत नाही. फोर्ट मन्रोची घटनाही महत्त्वाची आहे, हे नाइलाजाने का होईना, मान्य करावे लागते. परंतु दक्षिण गुलामगिरीसाठी फुटली, यावरून उत्तरेचा प्रत्येक सैनिक मुक्तीसाठी लढला असे सिद्ध होत नाही, आणि त्यावर मी ठाम आहे.

वाचनवेडी :
उत्तरेचा प्रत्येक सैनिक मुक्तीसाठी लढला, असे मी कोठेही लिहिलेले नाही.

वऱ्हाडी माणूस :
नगरी, कापसाखालची जमीन वाढली हे कबूल. पण ती वाढताना सातबाऱ्यावर कोणाची नावे राहिली आणि कोणाची गेली, त्यावर आपण अजून एक शब्दही लिहिलेला नाही.